मोठ्या फोनातला रेडिओ गेला कुठं?

कुणी भाकरी थापत असाल, कुणी गोठ्यात असाल, कुणी कंपनीच्या बसची वाट बघत उभ्या असाल. तुम्हा सगळ्यांना आमच्या बचत गटांचा नमस्कार.

आज बोलायचं आहे मोबाईलमधल्या रेडिओबद्दल. चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी या पट्ट्यात गटांच्या बैठकीला गेलो की आम्ही विचारतो, "आपलं केंद्र ऐकता का?" बऱ्याच जणी सांगतात, "बटनाच्या फोनवर ऐकत होतो ताई. आता मोठा फोन घेतला, त्यात रेडिओच नाही." हजार-दीड हजाराच्या फोनात जे होतं, ते हप्त्यानं घेतलेल्या पंधरा हजाराच्या फोनात नाही!

कुणी म्हणेल, इंटरनेटवर ऐका की. पण घरात मोठा फोन एक, तोही मालकांच्या नाहीतर पोराच्या हातात. आपल्याकडे येईपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला असतो. एफएमला डेटा लागत नाही, रिचार्ज लागत नाही. केंद्राच्या टॉवरवरून लहरी निघतात आणि फोनमधला रिसीव्हर त्या पकडतो. बहुतेक फोनांत कानात घालायची वायर हीच त्याची अँटेना असते. सामुदायिक केंद्र साधारण दहा-बारा किलोमीटरपर्यंत ऐकू येतं. तेवढ्या टापूत एक बाई ऐको की दहा हजार, कुणाचाच पैसा खर्च होत नाही.

मग मोठ्या फोनात रेडिओ का नाही? कित्येक फोनांत वाय-फाय आणि ब्लूटूथ ज्या चिपवर असतात, तिच्यातच एफएमचा रिसीव्हरही असतो. पण कंपनी त्याला अँटेना जोडत नाही, किंवा सॉफ्टवेअरमधून तो बंद ठेवते. आपल्यातल्या ज्या जणी गाड्यांच्या वायर हार्नेसच्या लाईनवर काम करतात, त्यांना हे लगेच कळेल. गाडी एकच असते. महागड्या मॉडेलमध्ये बटन असतं आणि स्वस्त मॉडेलमध्ये त्याच जागी नुसतं झाकण. गाडीत निदान पैसे कमी दिले म्हणून झाकण मिळतं. फोनात मात्र जास्त पैसे मोजून झाकण मिळतं.

ही सोय देश बघूनही दिली जाते. 2018 साली सॅमसंगचा गॅलेक्सी एस 9 हा महागडा फोन आला. अमेरिका आणि कॅनडात विकलेल्या या फोनात एफएम रेडिओ होता, आपल्याकडे विकलेल्या फोनात नव्हता. नाव एक, रूप एक, पण आतली चिप वेगळी. आता अमेरिकेत तरी ही सोय आपोआप आली का? नाही. तिथं आधी कित्येक फोनांत रेडिओ बंदच ठेवलेला असे. रेडिओ केंद्रांनी अनेक वर्षं मागणी लावून धरली. 2017 साली तिथं मोठी चक्रीवादळं आली, तेव्हा सरकारी दूरसंचार आयोगाच्या अध्यक्षांनी ॲपल कंपनीला जाहीरपणे सांगितलं की फोनातला एफएम सुरू करा. ॲपलनं उत्तर दिलं की आमच्या नव्या फोनांत ती सोयच नाही. पण सॅमसंगनं 2018 च्या सुरुवातीला अमेरिका आणि कॅनडासाठी रेडिओ सुरू करायचं जाहीर केलं. मागणाऱ्यांना काही तरी मिळालं.

आपल्याला वादळाचा अनुभव नाही असं थोडंच आहे! 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा मावळ-खेडमध्ये घरांचे पत्रे उडाले, पॉलिहाऊस फाटली, विजेचे खांब पडले. वीज गेली की मोबाईल टॉवरची बॅटरी किती तास पुरणार? अशा वेळी एक केंद्र चालू राहिलं तरी सगळ्या टापूला खबर मिळते. पण ती ऐकायला हातातल्या फोनात रेडिओ हवा.

हे सरकारलाही ठाऊक आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं फोन उद्योगाला कळवलं की ज्या फोनात एफएमची सोय आहे तिथं ती बंद करू नका, नसेल तर द्यायचा विचार करा. पण ही झाली सूचना, सक्ती नव्हे. सक्तीनं काय होतं ते पॅनिक बटनाकडे बघून कळतं. 2016 साली बाईच्या सुरक्षेसाठी नियम झाला. बटनाच्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरायचं, मोठ्या फोनचं पॉवर बटन तीनदा दाबायचं, की मदतीचा फोन लागला पाहिजे. तेव्हा जागा नाही, परवडत नाही, ही कारणं चालली नाहीत.

तर मैत्रिणींनो, तीन कामं करू या. पहिलं, आत्ताचा फोन तपासा. इअरफोनची वायर लावा आणि एफएम शोधा, कधी कधी ते आत कुठंतरी लपलेलं असतं. दुसरं, नवा फोन घेताना दुकानदाराला विचारा, "यात एफएम आहे का?" नुसतं 'आहे' म्हणाला तर मानू नका. डेटा बंद करायला लावा आणि केंद्र लावून बघा. 'रेडिओ' नावाची बरीच ॲप इंटरनेटवरच चालतात. गटातून कर्ज काढून फोन घेणार असाल तर हा प्रश्न बैठकीतच विचारला जाऊ द्या. तिसरं, ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत ठराव घ्या की 2023 ची सूचना सक्तीची करावी. ठरावावर सगळ्यांच्या सह्या, अंगठे घ्या आणि तो मंत्रालयाकडे पाठवा. एक प्रत आपल्या केंद्राकडेही द्या, आम्ही ती इथं वाचून दाखवू.

एकटीनं दुकानात विचारलं तर दुकानदार हसेल. वीस गटांच्या बायांनी विचारलं तर तो वरच्या डीलरला विचारेल आणि डीलर कंपनीला. गिऱ्हाईक आपण आहोत, हप्ता आपण भरतो, मग विचारायला कसली भीती?

आणि ज्यांच्या फोनात रेडिओ लागतो त्यांनी शेजारणीला सोबत बसवून ऐकवा. नमस्कार.