होडीतला बाक
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितले, "निवृत्तीनंतर काय केलेस त्यावर दहा मिनिटे बोल." माझ्या आधी बोललेल्यांपैकी कोणी दवाखाना काढला, कोणी आंब्याची बाग उभी केली. मी एक लाकडी बाक केला. त्याला चार महिने लागले. तेवढेच सांगण्यासारखे आहे, तेव्हा तेच सांगतो.

बाक होडीतला आहे आणि ती होडी तुमच्यापैकी निम्म्यांच्या ओळखीची आहे. कर्ली खाडीच्या पलीकडून शाळेत येणाऱ्या आम्हा मुलांना माझे बाबा तरीतून आणायचे. आपण सगळे त्या आडव्या फळीवर दाटीवाटीने बसायचो, दप्तर मांडीवर आणि चपला हातात. होडी सोडण्यापूर्वी बाबा डोकी मोजायचे. उलांडीच्या विरुद्ध बाजूला कोणी झुकला तर ओरडायचे, कारण उलांडीचा ओंडका पाण्यावरून उचलला गेला की होडीचा तोल संपला. पुढे रस्ते झाले, एसटी वाडीपर्यंत आली आणि तर बंद पडली. होडी मात्र राहिली. बाबा रोज संध्याकाळी गरी टाकायला खाडीत जायचे, वयाच्या ऐंशीपर्यंत.

मग ते अंगणात पडले आणि खुब्याचे ऑपरेशन झाले. चालायला लागले, पण होडी सुटली. दीड वर्ष ते ओटीवर बसून भरती-ओहोटी बघत होते. तक्रार कधी केली नाही. फक्त बोलणे कमी होत गेले. मुंबईची नोकरी संपवून मी घरी आलो तेव्हा ते दिवसाला दहा वाक्ये बोलत असतील, त्यातली पाच कुत्र्याशी.

डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, शांत पाण्यात, हळूहळू वल्हवायला हरकत नाही. मात्र बसताना गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. आता आपली ती जुनी फळी आठवा. तळापासून जेमतेम सात इंच. तिच्यावर बसले की गुडघे छातीशी येतात आणि सगळा भार माकडहाडावर. म्हणजे बाक उंच हवा. पण होडीत माणूस जितका उंच बसेल तितकी ती डुलणार. डॉक्टर म्हणतात वर, होडी म्हणते खाली. या दोघांच्या भांडणात मी सापडलो.

तुम्हाला माझा सुतारकामाचा तास आठवत असेल. मी केलेला पाट डुगडुगत होता, म्हणून गुरुजींनी त्याच्या एका पायाखाली दहा पैशांचे नाणे सरकवले होते आणि ते नाणे काढायचे नाही अशी ताकीद दिली होती. असा मी!

पहिल्यांदा मी सोपा मार्ग धरला. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय कापून ती होडीत ठेवली. मी स्वतः बसून बघितले, आणि पहिल्याच हिसक्याला खुर्चीसकट मागे घसरलो. मग जुन्या फळीवर फोमची गादी बांधली. ती दोन फेऱ्यांत पाणी प्यायली आणि आठवडाभर वाळली नाही. तेव्हा कळले की बाकच करायला हवा.

लाकूड घरचे होते. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आमचा परसातला फणस पाडला होता. त्याच्या फळ्या कापून बाबांनीच पडवीत रचून ठेवल्या होत्या, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये काठी घालून, वारा खेळावा म्हणून. चांगल्या वाळल्या होत्या. वाडीतल्या सुतारमामांकडून रंधा मारून घेतला. बाकीचे काम मी केले.

अखंड फळी घातली नाही. अडीच इंच रुंदीच्या पाच पट्ट्या घेतल्या आणि मध्ये पाव-पाव इंच फट सोडली, म्हणजे पाणी खाली जाते आणि बुडाखाली वारा लागतो. पट्ट्यांखालच्या दोन आडांना वरून मधोमध अर्धा इंच खोलगट केले. एवढ्याशा खळग्याने बसायला किती फरक पडतो, ते बसल्याशिवाय कळत नाही. पुढच्या पट्टीची धार घासून गोल केली, नाहीतर ती मांडीच्या मागे रुतते आणि पायाला मुंग्या येतात. खाऱ्या पाण्यात लोखंड टिकत नाही म्हणून पितळी स्क्रू वापरले. होडीला जे काजूच्या टरफलांचे तेल लावतात तेच मी बाकालाही लावायला निघालो होतो. सुतारमामांनी हात धरला. त्या तेलाने कातडी भाजते! मग जवसाचे तेल दिले, दोन हात. होडीत कुठेही भोक पाडले नाही. बाक आतल्या पट्ट्यांवर नुसता बसतो आणि दोरीने बांधला जातो.

उंची बारा इंच ठेवली आणि पाय पुढे लांब करायला जागा दिली, म्हणजे गुडघे आपोआप खाली राहतात. तोलासाठी तळात वाळूच्या दोन गोणी टाकल्या. बाक वर गेला म्हणून वल्ह्याचे खुंटही चार इंच वर घेतले, नाहीतर वल्ह्याची मूठ मांडीवर आपटते. आणि शेवटी, माझ्या मते सर्वांत सुंदर गोष्ट केली. खांद्यापर्यंत येईल अशी उंच, किंचित मागे कललेली पाठ लावली. आरामखुर्चीच जणू.

बाबांना धक्क्यावर नेले. ते बराच वेळ बघत राहिले. पट्ट्यांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "ह्या पाठीक टेकान मी बसान. पण वल्ह्यां कोण मारतलो? मी काय पावणो आसंय?"

मला राग आला, खरे सांगतो. चार महिने घाम गाळला होता. रात्री मी स्वतः त्या बाकावर बसून वल्हवायचा नुसता अभिनय केला. वल्हे ओढताना अंग मागे जाते, तिथे पाठ आडवी येत होती; कोपर तिच्यावर आपटत होते. मी सगळी मापे घेतली होती, होडीची, फळीची, डॉक्टरांची. ज्याला बसायचे होते त्याला एकदाही विचारले नव्हते. मी बाक रुग्णासाठी केला होता, आणि बसणारा माणूस तारू होता.

सकाळी करवत बाबांच्या समोर ठेवली आणि विचारले, "कुठे कापू?" त्यांनी कमरेशी चार बोटे धरून दाखवली. तेवढी पट्टी ठेवून वरची पाठ कापून टाकली. कापलेला तुकडा मी फेकणार होतो. ते म्हणाले, पायाशी लाव. पायांना रेटा मिळाला नाही तर सगळा जोर कमरेवर येतो. तो तुकडा आज पायटेकण आहे. होडीतली सर्वांत उपयोगी वस्तू तीच ठरली.

पुढच्या पौर्णिमेला, भरती पूर्ण भरल्यावर होडीचा काठ धक्क्याच्या पायरीला लागला, तेव्हा बाबा आत उतरले. मी समोर बसलो. होडी सोडण्यापूर्वी त्यांनी सवयीप्रमाणे डोकी मोजली. "एक," म्हणाले. आणि वल्ही पाण्यात घातली. पलीकडे जायला पूर्वी दहा मिनिटे लागायची, त्या दिवशी पंचवीस लागली. वाटेत ते सतत बोलत होते. तुमच्यापैकी कितीतरी जणांची नावे निघाली. पाण्यात दप्तर कोणी पाडले होते तेही निघाले, पण ते नाव मी इथे घेत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कोणी ना कोणी म्हातारे माणूस आहे, आणि आपणही त्याच रांगेत लागलो आहोत. कोणाला ओटीवर, शेताच्या बांधावर किंवा होडीत असा बाक करायचा असेल तर मापांचा कागद मी सोबत आणला आहे. मात्र पाठीची उंची त्यावर लिहिलेली नाही. ती बसणाऱ्याला विचारा.

बाबा आज सभागृहात आलेले नाहीत. त्यांनी निरोप दिला आहे: संध्याकाळी साडेपाचला भरती आहे, कोणाला यायचे असेल तर धक्क्यावर या, एका वेळी तिघेच, आणि झुकायचे नाही.