रिचार्जवाचून टीव्ही
(जिल्हा बैठकीतील भाषण)



एके काळी आपण ॲल्युमिनियमच्या नळ्या लाकडी पट्टीवर ठोकून घरीच अँटेना करत होतो. एक जण माळवदावर, दुसरा खालून ओरडतोय, "आलं, आलं, गेलं!" त्या अँटेनाला आता धरायला काही उरलं नाही. दूरदर्शनने जमिनीवरची जुनी प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत जवळजवळ सगळी बंद केली. म्हणून महिन्याचा रिचार्ज गळ्यात बांधून घ्यायचा का? कापसाला भाव मिळो न मिळो, त्याची तारीख चुकत नाही.

दूरदर्शनची फुकट उपग्रह सेवा डिसेंबर २००४ पासून आहे. आज तिला फ्री डिश म्हणतात. छत्री आणि पेटी एकदा घ्यायची, पुढे महिन्याला पैसा नाही. सह्याद्री दिसते, डीडी किसान दिसते. खाजगी वाहिन्या लिलावाने येतात, आजची पुढच्या वर्षी राहीलच असं नाही. पैशाच्या वाहिन्या दिसत नाहीत, हेही सांगून टाकतो.

वाऱ्याने छत्री हलली की दर वेळी मजुरी देऊन माणूस बोलावतो आपण. हे काम आपल्या हातचं आहे. उपग्रह आपल्याकडून आग्नेयेला, साधारण ६० अंश उंच. विदर्भात आग्नेयेहून जरा दक्षिणेकडे. तीन सारख्या पऱ्हाट्या त्रिकोणात बांधा. प्रत्येक कोपरा ६० अंशांचा. एक बाजू आडवी धरा, दुसरीच्या रेषेत वर पाहा. कडुलिंब किंवा भिंत आड आली तर जागा बदला.

खांब आधी ओळंब्यात उभा करा. खांब कलला की पुढची सगळी मेहनत वाया. छत्रीचं तोंड मात्र तितकं वर दिसत नाही, ती बनावटच तशी, घाबरू नका. पेटीत जीसॅट-१५ निवडा. पडद्यावर दोन पट्ट्या येतात. ताकदीची पट्टी छत्री भलतीकडे असली तरी भरते, तिच्यावर जाऊ नका, गुणवत्तेची पाहा. बोटभर सरकवा, थांबा, मग पुन्हा. पेटीला चित्र धरायला क्षणभर लागतो, घाई केली की सापडलेलं निसटतं.

१९७५-७६ साली उपग्रहाच्या प्रयोगात विजापूर, गुलबर्गा, रायचूरच्या ज्वारीच्या गावांत कोंबड्यांच्या जाळीच्या दहा फुटी छत्र्या उभ्या होत्या. आपली तर दोन-तीन फुटांचीच आहे.

पट्टी भरली की नट आवळा. केबलचा जोड पावसाळ्याआधी चिकटपट्टीने झाका.