बातमी शेवटच्या बाकापर्यंत



अभियांत्रिकी शिक्षकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद आपण मला दिलं आहे. आज मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत काय घडतं आणि तिथे कोणत्या संधी मिळतात, याची बातमी नेमकी कोणाच्या कानावर जाते आणि कोणाच्या जात नाही, यावर.

हे संमेलन पुण्यात भरलं आहे, म्हणून इथल्याच संस्थेपासून सुरुवात करते. १८५४ साली पुण्यात अभियांत्रिकीचा एक वर्ग निघाला. सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना इमारती, कालवे, पूल, रेल्वे यांच्या कामाचं शिक्षण द्यावं, एवढाच तेव्हा हेतू होता. आज त्याच संस्थेला आपण सीओईपी म्हणतो. २०२२ मध्ये ती स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथलेच. वडील लवकर गेलेले, शिकवण्या करून शिकलेला हा मुलगा म्हैसूर संस्थानाच्या मदतीवर पुण्यात आला आणि १८८३ साली परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिला आला. पुढे खडकवासल्याला त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे, पातळी उतरली की मिटायचे, आणि धरणाची भिंत न वाढवता साठा वाढायचा. ही हकिकत आपण दर अभियंता दिनाला सांगतो. पण संस्थानाची ती मदत त्या मुलाच्या हाती पडली नसती तर? बुद्धी तेवढीच राहिली असती. तो पुण्याला आला नसता, एवढंच.

आता आपल्या आजच्या महाविद्यालयांकडे पाहा. बातमी म्हणजे काय, असं कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. प्रवेशद्वारावरचा फ्लेक्स तो दाखवील. त्यावर निवड झालेल्या मुलांचे फोटो, कंपन्यांची नावं आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत वर्षाचं सर्वोच्च पॅकेज. त्या मुलांचं कौतुक व्हायलाच हवं. पण वर्गातल्या साठ जणांपैकी एकाला मिळालेला आकडा उरलेल्यांना काहीच सांगत नाही. मधल्या फळीतल्या मुलाला काय मिळालं, कोणत्या कामावर मिळालं, त्यासाठी त्याने दुसऱ्या वर्षापासून काय केलं, हे फ्लेक्सवर नसतं. पालक मात्र तो एकच आकडा पाहून फॉर्म भरतात.

मी ज्या बातमीबद्दल बोलते आहे ती वेगळी. तिची दोन उदाहरणं सविस्तर सांगते.

पहिलं ‘स्वयम्’चं. सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये उपग्रह बनवायला घेतला. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३४ ने एका उड्डाणात वीस उपग्रह नेले, त्यांतला एक हा होता. दहा सेंटिमीटर बाजूचा घन, वजन जेमतेम एक किलो. अवकाशात त्याची दिशा स्थिर ठेवायला मोटार नाही, इंधन नाही. आतलं चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेतं आणि उपग्रहाचं डोलणं हळूहळू कमी होतं. वीज खर्च न करता दिशा राखायची ही कल्पना पदवीच्या मुलांनी कागदावरून कक्षेपर्यंत नेली. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते आठ वर्षांचं अंतर. ज्यांनी सुरुवात केली ते उड्डाणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन बाहेर पडले होते. वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला शिकवायचं, नोंदी ठेवायच्या, चुका लिहून ठेवायच्या, असं झाल्याशिवाय हे काम पुरं होऊच शकत नव्हतं. कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसलेलं शिक्षण ते हेच.

अशी कामं आज राज्यात अनेक ठिकाणी चालतात. कुठे ‘बाहा’ स्पर्धेसाठी गाडी बनते, कुठे ‘रोबोकॉन’ स्पर्धेसाठी रोबो, कुठे स्मार्ट इंडिया हॅकेथॉनची तयारी चालते. या गटांत शिरायचं कसं, हे कोणाला ठाऊक असतं? ज्याचा भाऊ किंवा शेजारचा दादा त्याच कॉलेजात शिकून गेला, त्याला. उदगीरहून किंवा शहाद्याहून आलेला, घरातला पहिलाच पदवीचा विद्यार्थी पहिलं सत्र गणित आणि ड्रॉइंगच्या शीटमध्ये घालवतो. निवडीची सूचना कुठल्यातरी ग्रुपवर येऊन गेलेली असते. त्याला ती दुसऱ्या वर्षी कळते, तोवर गट भरलेला असतो.

दुसरं उदाहरण पैशाचं आहे, आणि त्याची मला जास्त खंत आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ ही मुलींसाठीची शिष्यवृत्ती. वर्षाला ५० हजार रुपये, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. मात्र नवा अर्ज प्रवेशाच्याच वर्षी करावा लागतो, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षी, किंवा पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलीने त्या वर्षी. ती मुदत चुकली की पुढची सगळी वर्षं गेली. चार वर्षांचे दोन लाख रुपये होतात. यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातली एक मुलगी मला भेटली होती. गुण उत्तम, वडिलांची कोरडवाहू जमीन, सुट्टीत ती गावच्या मेडिकल दुकानात बसायची. या शिष्यवृत्तीचं नाव तिने माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तिच्या कॉलेजात सूचना लागली होती. काचेच्या कुलूपबंद फलकात, इंग्रजीतल्या परिपत्रकाची पुसट झेरॉक्स, परीक्षेच्या वेळापत्रकाखाली अर्धी झाकलेली. नियमाप्रमाणे ‘सर्वांच्या माहितीसाठी प्रसिद्ध’ झालेली.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ‘सक्षम’ आहे, अनाथ मुलांसाठी ‘स्वनाथ’ आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, खासगी महाविद्यालयांतसुद्धा. त्यासाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घाईने प्रवेश घेतलेल्या मुलीला तो लाभ नाही. ही एक ओळ जूनमध्ये तिच्या वडिलांना कोणी समजावून सांगितली असती, तर कदाचित एक शेत गहाण पडलं नसतं. आणि दाखले! उत्पन्नाचा, अधिवासाचा, नॉन-क्रिमीलेअरचा. सेतू केंद्रापासून तहसील कचेरीपर्यंत किती हेलपाटे पडतात ते खेड्यातल्या पालकांना विचारा. मुदतीच्या आठवडाभर आधी लागलेली सूचना त्यांच्या काय कामाची?

मित्रहो, १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या धोरणावर पुष्कळ टीका झाली, तिच्यातली बरीच खरी आहे. पण त्यामुळे तालुक्याच्या गावातला मुलगा अभियांत्रिकीच्या वर्गात येऊन बसला, हेही तितकंच खरं. दार उघडलं. आत आल्यावर कोणती खोली कुठे आहे हे त्याला सांगायची जबाबदारी आपली होती, आणि ती आपण सूचनाफलकावर सोपवली.

यात भाषेचा प्रश्न आहेच. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू झाला, त्याचं मी मनापासून स्वागत केलं. मराठीतून थर्मोडायनॅमिक्स शिकवावं की नाही, यावर या मंडपात दोन मतं असतील आणि असावीत. शिष्यवृत्तीची सूचना मराठीत असावी की नाही, यावर दोन मतं असण्याचं कारण मला दिसत नाही. ती सूचना मुलाइतकीच त्याच्या आईवडिलांसाठी असते.

गेटचंही तसंच. ही परीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत एमटेकला पूर्णवेळ प्रवेश घेतला, तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. ‘घरी अजून दोन वर्षं पैसे मागवणार नाही’ म्हणून पुढचं शिक्षण सोडणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना हे विद्यावेतन ठाऊकच नव्हतं.

ही बातमी पोहोचवण्याचं काम मोठ्या खर्चाचं नाही. आमच्या प्रयोगशाळांत लेथवर आणि वेल्डिंगच्या शेडमध्ये मुलांबरोबर तासन्‌तास उभे राहणारे सहायक इथे समोर बसलेले आहेत. कोणाच्या डब्यात दुपारी काय असतं, कोण डबाच आणत नाही, हे त्यांना प्राचार्यांच्या आधी कळतं. मुलं ओरलला आमच्यापुढे गप्प उभी राहतात आणि त्यांच्याशी मोकळं बोलतात. संधीची बातमी पोहोचवायला त्यांच्याहून योग्य माणूस नाही, आणि आजवर आपण त्यांना त्यासाठी कधी विचारलेलंही नाही.

म्हणून या संमेलनाकडे माझी एक मागणी आहे आणि उद्याच्या खुल्या अधिवेशनात ती ठराव म्हणून यावी, अशी माझी इच्छा आहे. प्रत्येक विभागाने एक शिक्षक, एक प्रयोगशाळा सहायक आणि वरच्या वर्गातले दोन विद्यार्थी या कामासाठी नेमावेत. प्रवेश झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत त्यांनी पहिल्या वर्षाच्या आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याशी समोरासमोर बसून बोलावं. कोणती शिष्यवृत्ती लागू आहे, कोणते दाखले लागतील, कोणता गट कधी निवड करतो, हे मराठीत लिहिलेला एक कागद त्याच्या हाती द्यावा आणि एक प्रत घरी पाठवावी. मुदत संपायच्या आठवडाभर आधी कोणाचा अर्ज राहिला, हे पुन्हा पाहावं. आणि वर्षाच्या अखेरीला महाविद्यालयाने फ्लेक्सवर पॅकेजच्या शेजारी हेही छापावं की, पात्र असलेल्यांपैकी किती मुलामुलींना शिष्यवृत्ती मिळाली.

ठराव मंजूर झाला तर उत्तमच. नाही झाला, तरी आपल्यापैकी प्रत्येकाला आपल्या विभागापुरतं हे येत्या प्रवेशापासून करता येईल. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. कृपया करा.