ल्योंच्या जुन्या गल्ल्यांतून



रेल्वेच्या प्रशिक्षणासाठी फ्रान्सला गेलो, तेव्हा गटात डिप्लोमावाला मी एकटाच. इंग्रजी बेताचं, त्यामुळे गप्पच असायचो. एका रविवारी आम्ही ल्यों शहराची जुनी वस्ती पायी पाहायला निघालो. १९६४ साली संरक्षित झालेली ही फ्रान्समधली पहिलीच वस्ती. तिथले 'त्राबूल' म्हणजे घरांच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्याला निघणारे बोळ. दार ढकलायचं, पण आवाज न करता; आत माणसं राहतात. मला पुण्याचे वाडे आठवले.

जेवायला 'बुशाँ', म्हणजे तिथली खानावळ. केनेल मागवणार तोच कळलं, त्यात मासा असतो. आणि मी माळकरी! शेवटी सायीत भाजलेल्या बटाट्यांवर भागवलं. गुलाबी साखरबदामाचा टार्ट इतरांनी मिटक्या मारत खाल्ला. अंड्याच्या शंकेनं मी नुसता पाहिला.

मग फूर्व्हिएर टेकडीची दोरावरची रेल्वे, १९०० सालची. एका साहेबांनी विचारलं, "इंजिन कुठंय हो?" तिथे माझं तोंड उघडलं. एकाच दोराला दोन डबे. उतरणारा चढणाऱ्याला तोलतो, मोटरला उरलेलाच भार ओढायचा. मधोमध दोघे एकमेकांना ओलांडतात. वर पोचेपर्यंत मीच बोलत होतो.

उतरताना साहेबांनी मला पुढच्या काचेपाशी बसवलं.