वादळ गेलं कुठे?



मला वादळाच्या तयारीवर बोलायला सांगितलं आहे. बॅटरी, पाणी, गॅलरीतल्या कुंड्या, ही यादी तुम्हाला मोबाइलवर मिळेलच. मी वाट बघण्याबद्दल बोलतो.

३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. लॉकडाऊन होता, त्यामुळे घरात बसा हे नव्याने सांगावं लागलं नाही. हवामान खात्याचा इशारा होता की मुंबई, ठाणे, रायगडच्या सखल भागात नेहमीच्या भरतीवर एक ते दोन मीटर पाणी चढू शकतं. आम्ही नेरुळला, खाडीच्या बाजूला. नवी मुंबईत भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीला त्यांची दारं मिटतात, ओहोटीला उघडतात. इंजिनिअर म्हणून मला ही रचना फार आवडते. पण तलाव गाळाने भरला तर पावसाचं पाणी साठणार कुठे? म्हणून मी नकाशा कमी आणि खालचं गटार जास्त बघत होतो.

अम्मी तसबीह घेऊन बसली होती. ग्रुपवर दुआ येत होत्या, मधूनच कुणी हा अजाब आहे असंही लिहीत होतं. (अजाब नेमका कौलारू घरांवरच का येतो, हे मात्र कुणी लिहिलं नाही.) दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. आमच्याकडे वारा, पाऊस, सोसायटीतली दोन झाडं पडली. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज: अल्हम्दुलिल्लाह, बला टळली.

टळली नव्हती. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुडला गेली होती. आमचं गाव म्हसळा तालुक्यात. तिथे फुफू एकटी. फोन लागेना. खरं वाट बघणं तेव्हा सुरू झालं, आणि ते पाच दिवस चाललं.

फुफू सुखरूप होती. घराचे पत्रे गेले, आणि वाडी आडवी झाली. सुपारीचं झाड फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे पंचावन्न वर्षांच्या बाईने पुन्हा रोपं लावायची, ती कुणासाठी?

सरकारने बागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली. कोकणातली वाडी गुंठ्यांत मोजतात. शंभर गुंठ्यांचा हेक्टर, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. पुढे झाडामागे मदत देण्याचा निर्णय झाला, तेही ठीक. पण पैसे जातात सातबाऱ्यावर ज्यांचं नाव आहे त्यांच्या खात्यात. आमच्या सातबाऱ्यावर दादांनंतर फक्त मुलगे लागले. वीस वर्षं झाडांना पाणी घालणाऱ्या फुफूचं नाव नाही. मदत कुवेतमधल्या चुलत्यांच्या खात्यात जमा झाली.

मुलीचा हिस्सा कुराणात स्पष्ट लिहिलेला आहे, कायद्यातही आहे. शरीयत वाचवायला आपण मोर्चे काढतो, आणि तलाठ्याकडे वारस नोंद करताना बहिणींची नावं गाळतो. तुमच्या घरचा सातबारा आजच ऑनलाइन उघडून बघा, दोन मिनिटं लागतात.

पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ ला, ईदनंतर तीन दिवसांनी तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. तेव्हा फुफू नेरुळला आमच्याकडे होती. खिडकीशी बसून विचारत होती, नव्या रोपांना काठ्या बांधल्यात त्या टिकतील का.

तिचं नाव लावण्याचा अर्ज दिला आहे. दोन चुलत्यांनी संमती दिली. तिसरे म्हणतात, सुट्टीत आल्यावर बघू.