अळणीचा चंबू आणि आभाळातले जीवाणू



या खुर्चीला आपण किती अपात्र आहोत हे अध्यक्षाने आधी सांगायचे असते. ते तुम्हाला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे, म्हणून तेवढा वेळ वाचवतो. संयोजकांनी विषयाची मोकळीक दिली होती. मी निवडलेला विषय तुम्हा विज्ञान शिक्षकांना दरवर्षी वर्गात गाठतोच. २०१८ साली आलेल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात, विज्ञानाच्या दुसऱ्या भागात, पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. शाळा उघडून पावसाने नीट जोर धरलेला नसतो तोच मागच्या बाकावरून हात वर होतो, ‘सर, पण पहिला जीव आला कुठून? घरी वेगळं सांगतात.’

घरी काय सांगतात याची कोल्हापुरात बसून कल्पना करणे मोठे मजेचे आहे. एका बाकावर वारकऱ्याचा मुलगा, शेजारी लिंगायत घरातली मुलगी, पलीकडे मुसलमान, त्याच्या मागे मिशनच्या आवारातला ख्रिस्ती. कुणाकडे ब्रह्मदेव आहे, कुणाकडे मातीतून घडवलेला आदम. आणि शिरोळ, हातकणंगल्याकडचा वर्ग असेल तर निम्म्या नावांपुढे पाटील असले तरी घरात जैन धर्म असतो. तिथे गोष्टच निराळी. जैन मतात विश्व अनादी आणि अनंत. ते कुणी घडवलेले नाही, त्यामुळे घडवणाराही नाही. जीव होतेच. स्पर्शापुरते ज्ञान असलेल्या एकेंद्रियांपासून पंचेंद्रियांपर्यंत त्यांची प्रतवारी आहे आणि पाणीसुद्धा गाळून प्यायचे ते त्यातल्या सूक्ष्म जीवांसाठी. अशा घरातल्या मुलीला ‘सृष्टी देवाने केली की आपोआप झाली’ असे विचारून पाहा. दोन्ही पर्याय तिच्या घरचे नाहीत. तेव्हा ‘धर्म असे म्हणतो आणि विज्ञान तसे’ ही जी दोन रकान्यांची चौकट आपण फळ्यावर आखतो, ती इथल्या वर्गात पहिल्याच तासाला मोडते.

मोडली की आपण काय करतो? बहुतेकदा समेट. आणि माझी आजची तक्रार नेमकी या समेटाबद्दल आहे.

दशावतारातच उत्क्रांती आहे, हे वाक्य तुम्ही ऐकले आहे. काहींनी उच्चारलेही असेल. आधी मासा, मग पाण्यात आणि जमिनीवरही राहणारे कासव, मग वराह, मग अर्धा पशू अर्धा माणूस, मग बुटका वामन आणि पुढे पूर्ण मानव. कल्पना आकर्षक आहे, जुनीही आहे. थिऑसॉफीवाल्या ब्लाव्हाट्स्कीबाईंनी १८७७ च्या आपल्या ग्रंथात ती मांडली होती. पण जरा मूळ गोष्टीकडे चला. शतपथ ब्राह्मणातला मनू सकाळी हात धुवायला पाणी घेतो आणि त्या पाण्यात त्याला तो मासा सापडतो. म्हणजे माणूस आधीच हजर आहे, हात धुतो आहे! मासा येतो तो प्रलयातून त्याला तारायला. ती रक्षणाची कथा आहे, तिला उत्पत्तीची कथा करून आपण तिचा जीव काढून घेतो. पुढे परशुराम आणि राम एकमेकांसमोर उभे राहतात, त्यांना शिडीच्या दोन पायऱ्यांवर कसे बसवणार? आपल्याकडच्या जुन्या पंचांगांतल्या चित्रांत तर नवव्या जागी, बुद्धाच्या ठिकाणी, चक्क विठोबा उभा असे. तो माणसाच्या पुढची जात समजायचा काय?

असा समेट करणारा शिक्षक वाईट नसतो. त्याला घर आणि शाळा यांतले भांडण मिटवायचे असते. पण त्यात पुराण नीट वाचले जात नाही आणि डार्विनही नीट शिकवला जात नाही. उत्क्रांतीत शिखर नसते, ठरलेली चढण नसते, हा त्यातला सगळ्यात अवघड मुद्दा तर या शिडीखाली पुरता चेंगरतो.

कुणी म्हणेल, मुलांना गोष्ट आवडते, त्यात कुणाचे काय गेले? या गावात तरी असे म्हणू नये. १८९९ सालच्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले असताना भटजी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो आहे, हे राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिले. जाब विचारल्यावर उत्तर मिळाले की शूद्रांना पुराणोक्तच. या उत्तराच्या तळाशी काय होते? एक उत्पत्तिकथा. मुखातून कोण, बाहूंतून कोण, मांड्यांतून कोण, पायांतून कोण. तिला जोड मिळाली होती कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत या मताची. माणूस कुठून आला हा प्रश्न इथे तत्त्वज्ञानाचा नव्हता. नदीच्या पाण्यात उभ्या असलेल्या राजाच्या कानावर कोणते शब्द पडावेत, हे त्यावरून ठरत होते. राजाची ही गत, तर बाकीच्यांची काय असेल! प्रकरण चिघळत गेले आणि १९०२ मध्ये महाराजांनी राजोपाध्यांची इनामे काढून घेतली.

पंचगंगेवरच्या त्या स्नानाच्या सव्वीस वर्षे आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त ब्रह्मदेवाच्या अवयवांतून झालेल्या या जन्मांची उलटतपासणी केली होती. प्रसूतीची साधी माहिती असलेल्या माणसाला सुचतील असेच प्रश्न, पण ते छापून विचारायला छाती लागते. त्यांनी अवतारांचाही अर्थ लावला: मत्स्य, कच्छ, वराह हे बाहेरून आलेल्या टोळ्यांचे म्होरके. म्हणजे एकाच मत्स्यावताराचे भक्ताला तारणहार, फुल्यांना आक्रमक आणि थिऑसॉफीला जीवशास्त्र असे तीन अर्थ झाले. कथेचे अर्थ असे कितीही लावता येतात, म्हणून तर ती पुरावा म्हणून चालत नाही. आणि फुले नास्तिक नव्हते हे विसरू नका. त्यांचा निर्मिक होता. निर्मिकावर श्रद्धा ठेवूनही त्यांनी जन्मकथेची शहानिशा केली.

आता विज्ञानाच्या अंगणात येऊ. तिथेही चित्र आपण समजतो तितके सरळ नाही. अठराव्या शतकात जॉन नीडहॅमने मटणाचा रस्सा उकळून, बूच लावून ठेवला. तुम्ही हसाल, पण खरेच मटणाचा. कोल्हापूरकरांनी त्याला अळणी म्हणावे. काही दिवसांनी त्यात सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. १७४८ साली त्याने जाहीर केले की निर्जीवातून जीव उपजतो. स्पॅलान्झानीने तोच प्रयोग जास्त वेळ उकळून आणि भांड्याचे तोंड वितळवून बंद करून केला. काही उपजले नाही. हे दोघेही कॅथलिक धर्मगुरू होते! शंभर वर्षांनी लुई पाश्चरने हंसासारख्या वाकड्या मानेच्या चंबूने हा वाद निकाली काढला. हवा आत जाते, धूळ वाकणात अडकते, द्रव नितळ राहतो. जीव आपोआप उपजतो हे मत तेव्हा फ्रान्समध्ये पाखंड्यांचे समजले जाई, त्यामुळे पाश्चरच्या निकालाने धर्मनिष्ठ मंडळी खूश झाली. आणि १९२० च्या दशकात ओपारिन आणि हाल्डेन यांनी पुन्हा तेच निर्जीवातून सजीव मांडले, फक्त रश्श्याच्या जागी प्राणवायू नसलेल्या पृथ्वीवरचा आद्य समुद्र आला आणि आठवड्याच्या जागी कोट्यवधी वर्षे आली. हे हाल्डेन पुढे आपल्याकडे आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरात वारले.

वर्गात इथे एक फरक ठासून सांगावा लागतो. आहे त्या सजीवांत बदल होत नव्या जाती होतात, हे ठरलेले आहे. पहिला सजीव कसा झाला, हे ठरलेले नाही. दोन्ही एकाच पोत्यात कोंबले की दुसऱ्याची अनिश्चितता दाखवून पहिल्याला खोटे ठरवणे सोपे होते. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चूक असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी लिहिलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून त्याला उत्तर दिले. मला मात्र वेगळेच नवल वाटले. हे गृहस्थ मुंबईचे पोलीस आयुक्त होते. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसताना गुन्हा कसा शाबीत करतात, हे त्यांच्याहून चांगले कुणाला माहीत असणार?

ठरलेले नाही म्हणजे काहीच माहीत नाही, असेही नव्हे. १९५३ मध्ये स्टॅन्ली मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याच्या वाफेतून विजेच्या ठिणग्या सोडून अमिनो आम्ले मिळवली. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केत अमिनो आम्ले सापडली. बेन्नू या लघुग्रहावरून आणलेल्या मातीत ती निघाली, शिवाय डीएनए आणि आरएनएचे पाचही बेस निघाले, असे २०२५ च्या जानेवारीत जाहीर झाले. सामान सगळीकडे विखुरलेले आहे. त्यातून स्वतःची नक्कल करणारी पेशी प्रयोगशाळेत अजून कुणी उभी केलेली नाही. हे वाक्य मुलांपुढे जसेच्या तसे उच्चारायला आपल्याला संकोच का वाटतो, मला कळत नाही.

कदाचित म्हणूनच मला या विषयात आपल्याच गावच्या माणसाकडे पुन्हा पुन्हा जावेसे वाटते. जयंत विष्णू नारळीकर. १९ जुलै १९३८, जन्म कोल्हापूर. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले. फ्रेड हॉइल या त्यांच्या गुरूंनी चंद्रा विक्रमसिंघे यांच्याबरोबर असा विचार मांडला होता की जीवाची सुरुवात पृथ्वीवर झालीच नसेल, सूक्ष्म जीव धूमकेतूंबरोबर अंतराळातून आले असतील. बहुसंख्य जीवशास्त्रज्ञांनी तो मानला नाही, आजही मानत नाहीत. विक्रमसिंघे तर १९८१ मध्ये अमेरिकेत अर्कान्सासच्या खटल्यात सृष्टिनिर्मितीवाद्यांच्या बाजूने साक्षीला गेले होते. अशा बदनाम होऊ शकणाऱ्या कल्पनेचे करायचे काय? नारळीकरांनी तिची बाजूही घेतली नाही आणि टवाळीही केली नाही. त्यांनी फुगा सोडला.

इस्रोच्या मदतीने हैदराबादहून पहिले उड्डाण २००१ मध्ये झाले, दुसरे २० एप्रिल २००५ रोजी. दुसऱ्या फुग्याखाली ४५९ किलोची उपकरणे होती. निर्जंतुक करून हवा काढून घेतलेल्या पोलादी नळ्या ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर त्या एकेक उघडून तिथली हवा कोंडून आणली. मग नमुने दोन वेगळ्या प्रयोगशाळांकडे तपासायला दिले, हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस. जीवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. जीवाणूंच्या तीन जाती विज्ञानाला अगदी नव्या निघाल्या. त्यांतल्या एकीला हॉइलचे नाव मिळाले, एकीला इस्रोचे, एकीला आर्यभटाचे. अतिनील किरणांपुढे त्या आपल्या जवळच्या नात्यातल्या जातींपेक्षा जास्त टिकाव धरत होत्या.

एवढे हाती आल्यावर दुसऱ्या कुणी ढोल वाजवला असता. २००९ च्या मार्चमध्ये इस्रोने निवेदन काढले. नारळीकर या प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते. त्या निवेदनात स्पष्ट म्हटले होते की हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पण शोध पुढे चालवायला बळ मिळते. गुरूचा सिद्धान्त, स्वतःची हयातभराची ओढ आणि अनुकूल दिसणारा निकाल हाती असताना तिथेच थांबायचे! ते निवेदन मी नववीच्या वर्गात वाचून दाखवतो. मुले हिरमुसतात. परग्रहावरचे पाहुणे आले असते तर त्यांना बरे वाटले असते.

आणि समजा, सिद्ध झाले असते. तरी पहिला जीव कुठे आणि कसा झाला, हा प्रश्न पृथ्वीवरून उचलून धूमकेतूवर ठेवल्यासारखा झाला असता. विश्वालाच आरंभ नाही असे मानणाऱ्या हॉइल-नारळीकरांना त्याची फारशी अडचण नव्हती. इथे शिरोळची ती जैन मुलगी हसून म्हणेल, आमच्याकडे तेच आहे. तिला तेवढ्यावर शाबासकी देऊ नका, तोही समेटच. हॉइल-नारळीकरांच्या आरंभ नसलेल्या विश्वाला वेधांनी आव्हान दिले आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी ते नाकारले. तिच्या आगमाला असे नाकारण्याची सोयच नाही, आणि तिच्या घरच्यांना ती नकोच आहे.

समेटाशिवायही भागते. अंबाबाईचा किरणोत्सव आपण सारे पाहतो. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळता सूर्य गाभाऱ्यात शिरतो. तेव्हा किरणांचा कोन मोजणारे असतात, हात जोडणारे असतात, बरेचदा दोन्ही कामे एकच माणूस करतो. किरण अडवणारी इमारत कोणती, यावर त्यांचे एकमत होते. दोघांना मिळून एक सिद्धान्त काढावा लागत नाही.

तेव्हा माझी सूचना प्रवचनाची नाही, प्रयोगाची आहे. धड्याआधी पाश्चरचा चंबू प्रत्येक शाळेत लावा. दोन चंबू, दोन्हीत तवंग काढून गाळलेले अळणी. जिथे ते चालणार नाही तिथे मटकी उकडलेले पाणी घ्या. एकाच्या बुचात सरळ नळी, दुसऱ्याच्या बुचात बर्नरवर वाकवलेली. दोन्ही नळ्या जागेवर ठेवूनच चांगले खळखळून उकळा आणि मग हलवू नका. पंधरवडाभर मुलांनी रोज पाहून वहीत लिहायचे. गढूळ झालेला चंबू उघडून कुणी वास घ्यायचा नाही. शेवटी तो कुकरमध्ये उकळूनच ओतायचा. त्या वेळी ती जैन मुलगी नक्की विचारेल की सर, आपण ते जीव वाढवले आणि आता मारणार का? तिला गप्प करू नका आणि जीवाणूंना दुःख होत नाही असे घाईने सांगूही नका. त्या दिवशी बाहेर थांबते म्हणाली तर थांबू द्या. निरीक्षणे मात्र तिच्याही वहीत पूर्ण हवीत.

जेवणानंतर मागच्या दालनात बर्नर, बुचे आणि काचेच्या नळ्या मांडून ठेवल्या आहेत. नळी वाकवताना सतत फिरवत राहा, नाहीतर वाकणात चपटी होते.