चपराक आणि कबुलीजबाब

रात्रीची जेवणे आटोपून घरातील मंडळी दूरचित्रवाणीच्या संचासमोर बसावीत, पडद्यावर एखादे प्रेत दिसावे आणि हे कृत्य कोणाचे असावे याचा खल तत्काळ सुरू व्हावा, हा भारतातील असंख्य घरांचा वीस वर्षांचा परिपाठ होता. सोनी वाहिनीवर १९९८ च्या जानेवारीत सुरू झालेली 'सी. आय. डी.' ही हिंदी मालिका २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत चालली. दीड हजारांहून अधिक भाग झाल्यावर ती थांबली आणि सहा वर्षांच्या खंडानंतर, २०२४ च्या डिसेंबरात, पुन्हा अवतरली. कथा मुंबईची, भाषा हिंदीची, आणि प्रमुख अधिकारी एसीपी प्रद्युम्न यांच्या वेषात शिवाजी साटम. त्यामुळे इंदूर-बडोद्यापासून हैदराबादपर्यंतच्या मराठी घरांना तो अधिकारी परका वाटण्याचे कारणच नव्हते. निर्माते बी. पी. सिंग आणि साटम यांनी त्यापूर्वी मुंबई दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य' या मराठी मालिकेतही एकत्र काम केले होते. पोलिसांना बोलावण्याच्या क्रमांकावरूनच तिला ते नाव मिळाले होते.

मालिका जितकी लोकप्रिय, तितका तिच्याविषयीचा वादही जुना. 'पोलीस खरोखर असे काम करतात काय?' हा त्या वादाचा मुखडा. ज्या घरात पोलीस खात्यातून निवृत्त झालेला एखादा हवालदार आजोबांच्या नात्याने बसलेला असतो, तेथे हा वाद विशेष रंगतो. पडद्यावरचा अधिकारी प्रेताजवळचा रक्ताळलेला सुरा उचलून पिशवीत टाकतो न टाकतो तोच आजोबा विचारतात, "अरे, पंच कुठे आहेत? पंचनामा कुणी लिहिला?" नातवंडांचे उत्तर ठरलेले असते : "आजोबा, पंचनामा दाखवीत बसले तर मालिका पाहील कोण?" आजोबांचा प्रश्न रास्त आहे आणि नातवंडांचे उत्तरही खोटे नाही.

वादात नेहमी निघणारे आक्षेप बहुधा गमतीचे असतात. इन्स्पेक्टर दया खांद्याच्या एका धडकेने दार मोडतो. कडी वाजवून पाहावी असे त्या पथकातील कोणालाही सुचत नाही. डॉक्टर साळुंखे शवविच्छेदन करतात, विष ओळखतात, बोटांचे ठसे जुळवतात, केसावरून माणूस सांगतात, आणि हे सारे अधिकारी समोर उभे असतानाच. वस्तुस्थिती अशी की शवविच्छेदन सरकारी रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी करतो, व्हिसेरा मोहोरबंद बरण्यांतून कालिन्याच्या किंवा अन्य न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातो, ठसे आणखी तिसऱ्याच तज्ज्ञाकडे पोचतात, आणि अहवालाची वाट पाहता पाहता तपासी अंमलदाराच्या हातून दुसरे दोन गुन्हे येऊन जातात. शिवाय, महाराष्ट्राच्या ज्या गुन्हे अन्वेषण विभागाचे नाव मालिकेने घेतले, त्याचे मुख्यालय पुण्यास आहे. मुंबईत खून झाला तर प्रथम धावतो तो त्या हद्दीतील पोलीस ठाण्याचा अंमलदार, आणि त्याच्या जोडीला किंवा त्याच्या जागी येते ती शहराची गुन्हे शाखा.

हे सारे खरे असले, तरी त्यावरून मालिकेस आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा अरसिकपणा झाला. कीर्तनकाराने रावणाची दहा तोंडे वर्णिली म्हणून श्रोत्यांत बसलेला वैद्य मानेच्या मणक्यांचा हिशेब मागत नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या मराठी वाचकाने तर असल्या सवलती फार पूर्वीच देऊन ठेवल्या आहेत. तासाभरात खून, संशय, दिशाभूल आणि उलगडा बसवावयाचा, तर काळ आखडला जाणारच.

खरा तपास पडद्यावर येणे कठीण का, याचे कारणही याच काळाच्या हिशेबात आहे. तपासाचा मोठा भाग म्हणजे वाट पाहणे. मुंबई पोलीस दलातील मधुकर झेंडे यांनी १९७१ मध्ये चार्ल्स शोभराज यास एकदा पकडले होते. पुढे १९८६ च्या मार्चमध्ये शोभराज दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पळाला, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गोव्यात पर्वरीच्या एका उपाहारगृहात झेंड्यांनी त्यास पुन्हा धरले. तो तेथे येईल या अंदाजाने हा अधिकारी आपल्या सहकाऱ्यांसह तेथे जाऊन बसत असे. पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेला चेहरा लक्षात ठेवणे आणि साध्या माणसासारखे टेबलाशी बसून राहणे, एवढेच त्या पराक्रमाचे भांडवल. दार मोडण्याचा प्रसंगच उद्भवला नाही.

वाट पाहण्याखालोखाल येते ते लिहिणे. फिर्याद लिहावयाची, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद घ्यावयाची, घटनास्थळाचा पंचनामा करावयाचा, मुद्देमालास लाखेची मोहोर लावून त्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी डकवावयाची. पंच म्हणजे त्याच वस्तीतील दोन प्रतिष्ठित, त्रयस्थ नागरिक, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात नाक्यावरचा पानवाला आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला हाती लागतात, आणि काही वर्षांनी न्यायालयात उभे राहिल्यावर "सही माझी आहे, पण कशावर केली ते आठवत नाही," असे सांगून मोकळे होतात. आजोबांनी पंचनाम्याविषयी धरलेला आग्रह हा कागदाचा सोस नव्हता. पंच फितूर झाले म्हणून खटला ढासळताना त्यांनी आपल्या नोकरीत पाहिला होता.

परंतु या गमतीच्या आक्षेपांच्या गर्दीत एक आक्षेप सहसा कोणी घेत नाही. भागाचा शेवट जवळ आला की संशयिताला खुर्चीवर बसवतात. तो नाकबूल करतो. मग दया पुढे होतो आणि त्याच्या हाताची एक चपराक बसते. गाल चोळीत तो माणूस सर्व काही सांगू लागतो : कसे मारले, का मारले, सुरा कोठे लपवला. एसीपी प्रद्युम्न त्याला फाशीचे भविष्य सांगतात आणि मालिका संपते. घरात समाधानाचा निःश्वास पडतो. पंचनाम्यावरून हटून बसलेले आजोबाही या ठिकाणी हसून म्हणतात, "एवढे मात्र बरोबर दाखवतात हो."

आजोबांचे हे वाक्य साऱ्या वादाच्या मुळाशी जाणारे आहे. कारण कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर संपूर्ण मालिकेत याच्याइतके निरुपयोगी दृश्य दुसरे नसेल. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, असा दंडक १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमाने घातला, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने तेविसाव्या कलमात तो कायम ठेवला. कबुली द्यावयाचीच असेल तर ती दंडाधिकाऱ्यापुढे. आणि त्यानेही आधी बजावावयाचे असते की कबुली देण्याचे तुझ्यावर बंधन नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. म्हणजे चपराकीनंतरचे ते खळखळ वाहणारे निवेदन न्यायालयाच्या पायरीशीच थिजते. फाशीची गोष्ट तर दूरच. १९८० च्या बच्चन सिंग खटल्यापासून ती शिक्षा विरळातील विरळ प्रसंगी द्यावयाची, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे, आणि तो विषय कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याच्या अखत्यारीतला नाही.

हा दंडक घालणारे राज्यकर्ते परकीय होते आणि कनवाळू म्हणून त्यांची ख्याती नव्हती. तरीही त्यांना तो घालावा लागला. मद्रास इलाख्यात सारा वसूल करताना आणि गुन्ह्यांच्या चौकशीत लोकांचा छळ होतो, या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने १८५५ मध्ये अहवाल दिला, आणि छळ होतो हे त्यात मान्य करावे लागले. मारून वदवलेल्या कबुलीवर माणूस दोषी ठरवावयाचा नाही, हे तत्त्व १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आले आणि तेथून पुरावा अधिनियमात गेले. मार बसू लागला की निरपराधही कबूल होतो, हा त्यामागील अनुभव. रहस्यकथेच्या शास्त्राप्रमाणेसुद्धा ही गोष्ट गैरसोयीची आहे : ज्या खोलीत एका थपडेने खरा खुनी बोलतो, तेथे चुकीचा माणूसही दोन थपडांनी बोललाच असता, आणि मग साऱ्या सुगाव्यांचा खटाटोप कशासाठी?

कायद्याने एक लहानशी फट मात्र ठेवली आहे. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू खरोखर सापडली, तर त्या शोधाशी निगडित असलेला तेवढाच भाग पुराव्यात घेता येतो. 'सुरा विहिरीमागच्या कोनाड्यात ठेवला आहे' हे चालते. 'त्या सुऱ्याने मी त्याला मारले' हे चालत नाही. एकाच वाक्याचे असे दोन तुकडे करून एक ठेवावयाचा आणि दुसरा टाकून द्यावयाचा, हे काम न्यायालये दीड शतक करीत आली आहेत. कुशल लेखकाच्या हाती पडले तर यात चपराकीहून अधिक नाट्य आहे. अमुक ठिकाणी सुरा आहे हे आरोपीने आपण होऊन सांगितले, की पोलिसांना ते आधीच ठाऊक होते? निवेदनाच्या वेळी पंच हजर होते, की सह्या मागाहून घेतल्या? उलटतपासणीत वकील नेमके याच सांध्यावर घाव घालतो.

असे असूनही, 'बरोबर दाखवतात' हे आजोबांचे म्हणणे नाकारता येत नाही, आणि येथेच वास्तवतेचा वाद अवघड होतो. चपराक कायद्याला धरून नाही, पण कोठडीला ती अनोळखीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात अटकेसंबंधी अकरा सूचना घालून दिल्या : अटकेचा लेखी ज्ञापक, त्यावर साक्षीदाराची सही, नातलगास खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी. पुढे २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात देशभरच्या पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आदेश निघाला. मार कोणी खातच नसता, तर या आदेशांचे प्रयोजन काय होते? त्यातून आणखी एक विसंगती अशी की महाराष्ट्रात पोलीस कोठडीत माणूस मेला, तर त्याचा तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे सोपवण्याची पद्धत आहे. मालिकेत ज्या विभागाचा अधिकारी थप्पड मारून टाळ्या घेतो, त्याच विभागाच्या पुण्यातील दप्तरात अशाच थपडांचा ज्यांत अंत झाला त्या प्रकरणांच्या फायली असतात.

तपशील अचूक केले म्हणजे हा दोष जातो, असेही नाही. अमेरिकेतील 'ड्रॅगनेट' ही मालिका १९४९ मध्ये नभोवाणीवर सुरू झाली आणि १९५१ पासून दूरचित्रवाणीवर आली. जॅक वेब यांनी लॉस एंजेलिसच्या पोलीस दलातील खऱ्या प्रकरणांवर ती बेतली. पायपीट, टिपणवही, रुक्ष प्रश्न या साऱ्यांस तिने प्रथमच प्रतिष्ठा दिली. परंतु संहिता पोलीस दलाच्या नजरेखालून जात असल्यामुळे, त्या दलाच्या ज्या वागणुकीविषयी शहरातील कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वस्त्या तक्रार करीत होत्या, तिचा मागमूस त्या अचूक तपशिलांत नव्हता. भारतात २०१९ मध्ये आलेल्या 'दिल्ली क्राइम' या मालिकेने २०१२ च्या डिसेंबरातील घटनेचा तपास दाखवताना पोलिसांची अपुरी साधने आणि अपुरी झोप यांचे चित्रण संयमाने केले. तिला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळाले ते योग्यच होते. तरीही ही सारी हकीगत पोलिसांच्याच खिडकीतून पाहिलेली आहे, हा टीकाकारांचा आक्षेप तिच्याविषयीही उरलाच. 'सी. आय. डी.' निदान आपण वास्तव असल्याचा आव आणीत नाही. तिचे दार पुठ्ठ्याचे असल्याचे लहान मुलालाही कळते. चपराक मात्र पुठ्ठ्याची आहे असे कोणालाच वाटत नाही, आणि म्हणून दाराला हसणारा प्रेक्षक चपराकीला टाळी देतो.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, ही व्यवस्था राज्यांनी पाच वर्षांच्या आत लागू करावयाची आहे. झडती आणि जप्तीचे दृक्श्राव्य चित्रण करावे, असेही ती सांगते. डॉक्टर साळुंख्यांची थट्टा करणाऱ्यांना यापुढे थोडे जपून बोलावे लागेल. वीस वर्षे अशक्य ठरवलेली गोष्ट अंशतः कायद्यातच येऊन बसली आहे. आजोबांचे पंचही आता कॅमेऱ्यासमोर सही करतील.

अटकेनंतर मात्र चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, आरोपीस दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. हा नियम संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदात आहे. तेथे कोठडीच्या अर्जाकडे वळण्यापूर्वी दंडाधिकारी मान वर करून आरोपीस विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे काय?" मागे शिपाई उभा असतो. आरोपी एकदा त्याच्याकडे पाहतो, मग जमिनीकडे पाहतो, आणि बहुतेक वेळा 'नाही' म्हणतो. मालिकेचा भाग त्याच्या आदल्या रात्रीच संपलेला असतो.